कंट्रोल ग्रुपचाच सिग्नल वर-खाली होतोय? जिवंत उंदरांच्या इमेजिंगमधला नेहमीचा घोळ कसा शोधायचा

प्रॉब्लेम नवीन नाहीये. ल्युसिफरेज (काजव्यातलं प्रकाश पाडणारं एन्झाइम) टाकलेल्या कॅन्सर पेशी उंदरांना दिल्यात, ट्यूमर लागलेत, रँडमायझेशन झालंय, एका ग्रुपला औषध आणि दुसऱ्याला नुसतं वेहिकल, म्हणजे औषध ज्यात मिसळतात ते कोरं द्रावण, चालू आहे, आणि दर आठवड्याला बायोल्युमिनेसन्स इमेजिंग, म्हणजे पेशींतून येणाऱ्या प्रकाशाचा फोटो, होतंय. दोन आठवडे ग्राफ शहाण्यासारखा वर जातो. तिसऱ्या आठवड्यात वेहिकल ग्रुपचा सिग्नल एकदम निम्म्यावर येतो, म्हणजे ज्यांना औषधाचा थेंबही दिलेला नाही त्यांचा, आणि चौथ्या आठवड्यात परत वर. कॅलिपर, म्हणजे ट्यूमर बाहेरून मोजायचं माप, मात्र सांगतोय की ट्यूमर मजेत वाढतायत. मग मीटिंगमध्ये कोणी म्हणतं कॅमेरा गंडलाय, कोणी म्हणतं सेल लाइन गेली, आणि कोणीतरी हमखास म्हणतंच की जिवंत प्राणी आहे, असं होतंच.

असं होत नसतं हो. बहुतेक वेळा कारण सापडतं, आणि ते शोधायला नवीन उंदीरसुद्धा लागत नाहीत, जुन्या इमेज आणि त्या दिवशीची नोंदवही एवढं पुरतं, अर्थात नोंदवहीत काही लिहिलेलं असेल तर.

आधी एवढं डोक्यात पक्कं ठेवा की कॅमेऱ्याला ट्यूमर दिसतच नाही, त्याला दिसतो प्रकाश. काजव्याचं ल्युसिफरेज प्रकाश पाडतं तेव्हा त्याला डी-ल्युसिफेरिन (ज्यापासून प्रकाश बनतो ते रसायन) लागतं, एटीपी (पेशीचं इंधन) लागतं, मॅग्नेशियम लागतं आणि ऑक्सिजन लागतो. ल्युसिफेरिन तुम्ही पोटात टोचता, ते रक्तात जातं, रक्त ट्यूमरपर्यंत पोचतं, ते पेशीत शिरतं, तिथे एन्झाइम शिल्लक असावं लागतं, मग प्रकाश पडतो आणि तो मांसातून, रक्तातून, कातडीतून, केसांतून वाट काढत बाहेर येतो. या साखळीतली एक कडी ढिली झाली की आकडा पडतो आणि ट्यूमर आहे तिथेच असतो. आणि औषधाच्या अभ्यासात तर गंमत अशी की औषध यातली कुठलीही कडी हलवू शकतं, एकही कॅन्सर पेशी न मारता.

हललं कोण ते आधी बघा

ग्रुपची सरासरी बाजूला ठेवा, तिच्यात सगळं लपतं. प्रत्येक उंदराची वेगळी रेघ काढा, लॉग स्केलवरच काढा कारण हे आकडे दहा-दहा पटींनी बदलतात आणि साध्या स्केलवर सगळ्यात तेजस्वी उंदीर बाकीच्यांना गिळून टाकतो. आता त्या वाईट दिवसावर बोट ठेवा आणि बघा की खाली कोण कोण आलंय. दोन्ही ग्रुपमधले सगळेच एकदम आले असतील तर गोष्ट उंदरांची नाहीये, त्या दिवसाची आहे, म्हणजे ल्युसिफेरिन, मशीन, सेटिंग, तापमान यातलं काहीतरी. एखाददुसराच पडला आणि पुढच्या वेळी परत जागेवर आला तर इंजेक्शन. एकच ग्रुप किंवा एकच पिंजरा हलला तर क्रम, वजन, नाहीतर खुद्द औषध. आणि कोणी एकदम पडलं नाही पण सिग्नल आणि कॅलिपर हळूहळू एकमेकांपासून लांब जातायत असं असेल तर ते ट्यूमरच्या आतलं काम आहे. एवढी वाटणी केली तरी अर्धा शोध संपतो, आणि तरी लोक पहिला फोन मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरला करतात.

सगळेच पडले असतील तर

पहिला संशय ल्युसिफेरिनवर घ्या. नेहमीचा डोस १५० मिलिग्रॅम प्रति किलो, त्यासाठी १५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या डीपीबीएस या खारट बफरमध्ये करतात आणि वजनाच्या दर ग्रॅमला १० मायक्रोलिटर देतात, म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला २०० मायक्रोलिटर, ३ मिलिग्रॅम. हे द्रावण प्रकाशात ठेवलं, परत परत गोठवलं-वितळवलं, किंवा टेबलवर तासन् तास उघडं राहिलं की उतरतं. पीएच अल्कलाइन झाला तर डी-चं एल-रूप (त्याच रेणूची आरशातली प्रतिमा) व्हायला लागतं, ते उलट आडवं येतं. म्हणून बनवलं की फिल्टर करा, छोट्या छोट्या ट्यूबमध्ये एकेका दिवसापुरतं भरा, अंधारात डीप फ्रीझरला टाका, उरलेलं परत गोठवू नका. लॉट बदलला तर तारीख लिहा. नवीन लॉट अभ्यासाच्या मध्येच सुरू करायची वेळ आली तर तो आधी डिशमधल्या पेशींवर जुन्या लॉटशेजारी चालवून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. त्याहून बरं म्हणजे अख्ख्या अभ्यासाला पुरेल एवढा एकच लॉट सुरुवातीला मागवून ठेवणं.

दुसरा संशय एककावर. इमेज काउंट्समध्ये मोजलीत का रेडियन्समध्ये? काउंट्स हे एक्सपोजर, बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र मोजणं) आणि अ‍ॅपर्चरवर अवलंबून असतात, गेल्या आठवड्यात ६० सेकंद आणि या आठवड्यात १० सेकंद घेतले तर काउंट्स पडणारच, त्यात उंदराचा काय दोष. तुलना करायची असेल तर फोटॉन प्रति सेकंद, किंवा प्रति सेकंद प्रति चौरस सेंटिमीटर प्रति स्टेरेडियन, हेच एकक घ्या, तिथे सेटिंगचा हिशोब आधीच वजा झालेला असतो. पण एक झोल इथेही आहे. १६ बिट कॅमेऱ्याचा पिक्सेल ६५,५३५ ला भरतो, त्यानंतर कितीही प्रकाश आला तरी आकडा हलत नाही, आणि सॅच्युरेट झालेली इमेज रेडियन्समध्ये बदलली तरी खोटीच राहते. उलट काउंट्स जेमतेम काही शेकड्यांत असतील तर तुम्ही नॉइज मोजताय. साधारण ६०० ते ६०,००० च्या मध्ये राहा. ऑटो एक्सपोजर बहुतेक वेळा हे सांभाळतो, पण एकाच फ्रेममध्ये एक उंदीर प्रचंड तेजस्वी आणि दुसरा जवळजवळ काळा असेल तर तो कोणाला सांभाळणार, तिथे दोन वेगवेगळे एक्सपोजर घ्या. आणि तेजस्वी उंदराचा प्रकाश शेजाऱ्याच्या अंगावर सांडतो, मध्ये काळे पार्टिशन लावा. पार्टिशन, टेप, काळा कागद हे सगळं आधी रिकाम्या स्टेजवर ठेवून एक इमेज घ्या कारण काही टेप आणि कागद स्वतःच चमकतात.

आरओआय, म्हणजे इमेजवर मोजायला आखलेला भाग, प्रत्येक वेळी वेगळ्या हाताने, वेगळ्या आकाराचा काढलेला असेल तर तिथेच बराच घोळ मिटेल. एकच आकार ठरवा, सगळ्यांना, सगळ्या दिवशी तोच, आणि उंदरावरच पण ट्यूमरपासून लांब एक बॅकग्राउंडचा आरओआय. थ्रेशोल्डवर आपोआप निघणारे आरओआय मला पटत नाहीत, सिग्नल कमी झाला की तेही आक्रसतात आणि फरक आहे त्याहून मोठा दिसतो.

मग राहतं मशीन आणि तापमान. मशीनची शंका फेडायला स्थिर प्रकाश देणारा रेफरन्स सोर्स दर सेशनला आधी एकदा टिपून ठेवा, तो आकडा जागेवर असेल तर कॅमेऱ्यावरचा आळ संपला. स्टेज खरंच ३७ डिग्रीला आहे का तेही हात लावून नाही, थर्मामीटर लावून बघा. भूल दिलेला उंदीर भराभर गार होतो, एवढासा जीव, आणि गार झाला की रक्तप्रवाह मंदावतो, ल्युसिफेरिन उशिरा पोचतं, एन्झाइम हळू चालतं. वर आणखी, काजव्याच्या ल्युसिफरेजचा प्रकाश २५ डिग्रीला ५६० ते ५८० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि ३७ डिग्रीला ६१० च्या आसपास सरकतो. हिमोग्लोबिन ६०० च्या खालचा प्रकाश खाऊन टाकतं, म्हणजे गार उंदरात प्रकाश कमी पडतो आणि जो पडतो तोही जास्त शोषला जातो.

भुलेबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात असते. आयसोफ्लुरेनसारख्या भुली काजव्याच्या ल्युसिफरेजला थेट दाबतात. १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी भूल प्रोटीनवर कशी बसते हे दाखवायला हेच एन्झाइम वापरलं होतं, भूल आणि ल्युसिफेरिन एकाच जागेसाठी भांडतात असं त्यांना दिसलं. तेव्हा आज कोणी ३ टक्क्यांवर ठेवतंय, उद्या कोणी दीडवर, कोणी पाच मिनिटं कोणी पंचवीस, असं चालणार नाही. झोपवायला ३ ते ४, स्टेजवर १ ते २, आणि किती वेळ ते लिहून ठेवा.

एकटाच पडला असेल तर

हे नव्वद टक्के वेळा पोटातलं इंजेक्शन असतं असं मी म्हणेन, आकडा अंदाजाचा आहे पण रोख बरोबर आहे. हे आयपी, म्हणजे पोटाच्या पोकळीतलं, इंजेक्शन दिसायला सोपं, म्हणून ते सगळ्यात नवख्या माणसाला देतात, आणि तिथेच गंडतं. हातात उंदीर धरलाय, डोकं किंचित खाली केलंय म्हणजे आतडी पुढे सरकतात, सुई पोटाच्या खालच्या उजव्या बाजूला, मधल्या रेषेपासून जरा बाजूला, तिरकी आत. आता सुई कुठे आहे? कातडीखालीच राहिली तर दाबताना फुगवटा उठतो, ल्युसिफेरिन हळू शोषलं जातं आणि पीक, म्हणजे सिग्नलचा माथा, उशिरा येतो. जास्त आत गेली तर आतड्यात किंवा सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी), आणि तिथलं ल्युसिफेरिन ट्यूमरला जवळजवळ मिळतच नाही. खाली गेली तर मूत्राशयात, ते सरळ बाहेर. दाबण्याआधी दांडा किंचित मागे ओढून बघा, हिरवट-तपकिरी किंवा पिवळं काही आलं तर ती सुई फेका, नवीन घ्या, जागा बदला. अनुभवी हाताकडूनही हे अधूनमधून होतंच, म्हणून चुकलेलं ओळखायची सोय हवी.

सोय म्हणजे कायनेटिक कर्व्ह, वेळेनुसार सिग्नल कसा चढतो-उतरतो त्याची रेघ. इंजेक्शननंतर दर दोन-तीन मिनिटांनी इमेज, अर्धा-पाऊण तास. बऱ्याच मॉडेलमध्ये आयपी डोसनंतर पीक १० ते २० मिनिटांत येतो पण तुमच्या मॉडेलचा तुम्हीच काढायचा, दुसऱ्याच्या पेपरमधला १० मिनिटांचा आकडा उचलून चालत नाही. आणि एकदा काढून गप्प बसायचं नाही, कारण ट्यूमर मोठा झाला, त्याच्या रक्तवाहिन्या बदलल्या, औषध सुरू झालं, की पीकची वेळ सरकते. सुरुवातीला १२ मिनिटांना येणारा पीक महिनाभराने १८ ला गेला असेल आणि तुम्ही इमानदारीत १२ लाच फोटो काढताय, तर तुम्ही चढावर मोजताय, माथ्यावर नाही. मला विचाराल तर दर सेशनला प्रत्येक उंदराच्या चार-पाच इमेज पीकच्या आजूबाजूला घ्या आणि सगळ्यात मोठा आकडा वापरा. वेळ जास्त जातो, मान्य. पण ज्याचा कर्व्ह चढलाच नाही, सपाट राहिला, तो चुकलेलं इंजेक्शन म्हणून लगेच ओळखता येतो आणि त्याला दुसऱ्या दिवशी परत घेता येतं. त्याच दिवशी परत टोचायचं असेल तर आधीचं ल्युसिफेरिन पूर्ण उतरलंय का ते विना-इंजेक्शन इमेज घेऊन बघा.

ट्यूमर पोटातच असेल, ओव्हरीच्या कॅन्सरची मॉडेल्स असतात तशी, तर उलटी गडबड. आयपी दिलेलं ल्युसिफेरिन रक्तात न जाता थेट ट्यूमरवर सांडतं आणि सिग्नल अवास्तव मोठा येतो. तिथे कातडीखाली द्या, पीक थोडा उशिरा येईल पण सगळ्यांना सारखा न्याय मिळेल. शेपटीच्या व्हेनमध्ये द्यायचं म्हटलं तर पीक इतका लवकर येऊन जातो की कॅमेऱ्याचं दार बंद करेपर्यंत निम्मा खेळ संपतो.

एकच ग्रुप हलला असेल तर

इथे घाई करू नका, कारण हेच तर तुम्हाला हवं असतं ना, औषधाचा ग्रुप खाली आला की टाळ्या. आधी कंटाळवाण्या गोष्टी तपासा. दर वेळी कंट्रोलचा पिंजरा आधी आणि औषधाचा शेवटी असं चालू आहे का? मग शेवटच्यांना ल्युसिफेरिन जुनं मिळतं, भूल जास्त वेळ मिळते, इमेज घेणारा माणूसही थकलेला असतो. क्रम दर सेशनला बदला, दोन्ही ग्रुप एका फ्रेममध्ये मिसळा. पाच उंदीर एकदम स्टेजवर असतील तर पहिल्याला टोचल्यापासून पाचव्याला टोचेपर्यंत काही मिनिटं जातात, प्रत्येकाची वेळ वेगळी लिहा.

वजन. हे फार सुटतं. सगळ्यांना सरसकट २०० मायक्रोलिटर देणाऱ्या लॅब आजही आहेत, आणि औषध विषारी असेल तर त्या ग्रुपचं वजन उतरत जातं. २४ ग्रॅमच्या उंदराला त्यात १२५ मिलिग्रॅम प्रति किलो मिळतात आणि १६ ग्रॅमच्याला १८७.५, म्हणजे दीडपट. औषधाच्या ग्रुपला जास्त ल्युसिफेरिन, जास्त सिग्नल, आणि चांगलं औषध निकामी दिसतं. त्याच दिवशी वजन करा, त्याच वजनावर डोस काढा.

हे सगळं जागेवर असेल तर मग औषधाकडे वळा, आणि इथे प्रकरण खरंच रंगतं. डी-ल्युसिफेरिन हे एबीसीजी२ या पंपाचं गिऱ्हाईक आहे, म्हणजे पेशीच्या भिंतीतला हा पंप ल्युसिफेरिन आत आलं की बाहेर फेकतो, हे २००७ मध्ये छापूनही आलंय. तुमच्या ट्यूमरमध्ये हा पंप भरपूर असेल आणि तुमचं औषध त्याला अडवत असेल, गेफिटिनिब-इमॅटिनिबसारखी काही कायनेज इनहिबिटर्स अडवतात, तर ल्युसिफेरिन आत साठतं आणि सिग्नल वर जातो, पेशी तेवढ्याच. औषध काम करतंय आणि ग्राफ म्हणतोय ट्यूमर वाढला. सीलेंटेराझिन वापरणाऱ्या रेनिला ल्युसिफरेजवाल्यांनी हसू नये, त्यांचा सबस्ट्रेट, म्हणजे ते सीलेंटेराझिन, पी-ग्लायकोप्रोटीन हा दुसरा पंप बाहेर फेकतो.

काही रेणू ल्युसिफरेजलाच चिकटतात. रेस्व्हेराट्रॉल त्याला दाबतं हे माहितीचं आहे. अटाल्युरेन, म्हणजे पीटीसी१२४, याची गोष्ट तर प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला सांगावी अशी आहे. ते शोधलं गेलं ल्युसिफरेजच्याच रिपोर्टर स्क्रीनमधून, म्हणजे ल्युसिफरेजचा प्रकाश मोजून रेणू चाळणाऱ्या चाचणीतून, आणि २००९-१० मध्ये ऑल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते ल्युसिफरेजला घट्ट बसतं, बसल्यामुळे एन्झाइम पेशीत जास्त टिकतं, आणि मोजताना सिग्नल वाढलेला दिसतो. म्हणजे इनहिबिटर असून सिग्नल वर. हे पेशींमधल्या टेस्टचं झालं, पण उंदरात एन्झाइम तेच आहे. प्रोटिअसोम (पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र) अडवणारी औषधं, प्रोटीन बनणं थांबवणारी औषधं, यांनीही आकडा हलतो कारण ल्युसिफरेज पेशीत काही तासच टिकतं आणि सतत नवीन बनावं लागतं. एचडीएसी इनहिबिटर्स (बंद जनुकं उघडी करणारी औषधं) झोपलेला सीएमव्ही प्रमोटर, म्हणजे ल्युसिफरेजचं जनुक चालू ठेवणारा स्विच, जागा करतात, परत सिग्नल वर.

तपासायचं कसं? तीच सेल लाइन डिशमध्ये घ्या, औषध घाला, आणि पेशी मरायच्या आतच, तासा-दोन तासांत, ल्युसिफेरिन घालून प्रकाश मोजा, सोबत पेशी वेगळ्या पद्धतीने मोजा ज्यात ल्युसिफरेज नाही. एटीपी मोजणारे किट चालणार नाहीत हे लक्षात घ्या, त्यातलं बरंच काही ल्युसिफरेजवरच चालतं, चोराच्या हाती तिजोरीची किल्ली. औषध धुवून काढल्यावर सिग्नल लगेच परत आला तर पेशी मेल्याच नव्हत्या. उंदरातही असंच, औषधाचा डोस आणि इमेजिंग यात दर वेळी सारखं अंतर ठेवा, शक्य असेल तर पुढच्या डोसच्या अगदी आधी इमेज घ्या म्हणजे रक्तात औषध सगळ्यात कमी असेल.

रक्तवाहिन्यांवर काम करणारी औषधं वेगळी. कॉम्ब्रेटास्टॅटिन ए४ फॉस्फेटसारखं व्हॅस्क्युलर डिसरप्टिंग औषध दिलं की काही तासांत ट्यूमरचा रक्तपुरवठा बसतो, ल्युसिफेरिन आत जात नाही, सिग्नल कोसळतो. रक्तपुरवठा तुटला हे कळायला ही इमेज उत्तम आहे, पण त्यावरून ट्यूमर गेला असं लिहिलंत तर रिव्ह्यूअर सोडणार नाही, आणि सोडूही नये.

सिग्नल आणि कॅलिपर हळूहळू वेगळे होत असतील तर

ट्यूमर मोठा होतो तसा आतला भाग मरतो, तिथे ना एटीपी ना ऑक्सिजन. कॅलिपर बाहेरून लांबी-रुंदी मोजतो, लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन, त्याला आत मेलेलं काय जिवंत काय हे कळत नाही. मग कॅलिपरची रेघ वर आणि सिग्नलची सपाट. दोघंही खरं बोलतायत, एक आकार सांगतोय, दुसरा जिवंत पेशी. इमेजिंगचा जोर ट्यूमर छोटे असताना किंवा आत खोलवर असताना आहे, कातडीखालच्या मोठ्या ट्यूमरला कॅलिपरच बरा, हे ऐकायला इमेजिंगवाल्यांना आवडत नाही.

दुसरं कारण, पेशींनी ल्युसिफरेज बनवणं सोडलं. सीएमव्ही प्रमोटर मिथायलेशनने (डीएनएवर रासायनिक खूण बसून) बंद पडतो हे जुनं दुखणं आहे, ईएफ१ अल्फा किंवा युबिक्विटिन सी प्रमोटर जास्त टिकतात. निवडीचं औषध (ज्यात फक्त ल्युसिफरेजवाल्या पेशी जगतात ते) काढून बरेच पॅसेज (एका डिशमधून दुसऱ्या डिशमध्ये वाढवणं) चालवलेल्या पेशी उंदरांना देऊ नका, देण्याआधी प्रति पेशी किती प्रकाश पडतो ते मोजून लिहून ठेवा, आणि शेवटी ट्यूमर काढला की त्यातल्या पेशी वेगळ्या करून परत तेच मोजा. रोगप्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरांत तिसरं कारण येतं, काजव्याचं प्रोटीन त्यांच्यासाठी परकं आहे, त्यामुळे जास्त चमकणाऱ्या पेशी आधी मारल्या जातात आणि न चमकणाऱ्या उरतात. इम्युनोथेरपीचं औषध तपासत असाल तर हा मुद्दा तळटीपेत टाकायचा नाही, ल्युसिफरेज नसलेल्या मूळ सेल लाइनचा छोटा ग्रुप शेजारी चालवा.

काळ्या उंदरांची वेगळी व्यथा

सी५७ ब्लॅक ६ वापरताय आणि केस काढल्यावर आठवड्याभराने सिग्नल पडतोय? सिग्नल नाही, कातडी बदलली. केसांची वाढ थांबलेली असते तेव्हा या उंदरांची कातडी गुलाबी असते. क्रीमने किंवा वॅक्सने केस मुळापासून काढले की वाढीचं चक्र एकदम सुरू होतं, आणि मेलॅनिन फक्त त्या वाढीच्या काळातच बनतं. पहिल्या दिवशी गुलाबी, मग चार-पाच दिवसांनी करडी छटा, मग पाटीसारखी काळी, आणि वर अजून केस दिसतसुद्धा नाहीत म्हणून कोणाला संशय येत नाही. मेलॅनिन प्रकाश पितं. कधी कधी तर पाठीवर ठिगळं येतात, ट्यूमर करड्या ठिगळाखाली आला की कमी, गुलाबीखाली आला की जास्त. दर सेशनला कातडीचा साधा रंगीत फोटो काढून ठेवा, नुसत्या मशीनने वरवर शेव्ह केलंत तर चक्र सहसा इतकं चाळवत नाही. पांढरी जात किंवा बिनकेसाचा उंदीर चालत असेल तर हा वादच नको. ब्लॅक ६ चा पांढरा म्यूटंटही मिळतो, जनुकं जवळजवळ तीच, रंग नाही.

फ्लुओरेसन्सवाल्यांसाठी थोडक्यात

पोटाच्या भागात सगळ्याच उंदरांना, प्रोब (चमकणारा रंग) न दिलेल्यांनासुद्धा, ६७० नॅनोमीटरच्या आसपास चमक दिसत असेल तर ती खाद्याची आहे. नेहमीच्या चाऱ्यात अल्फाल्फा असतो, त्यात क्लोरोफिल. किमान आठवडाभर आधी अल्फाल्फा नसलेल्या शुद्ध खाद्यावर घ्या, आणि जुन्या पिंजऱ्यातच ठेवू नका कारण उंदीर स्वतःची लेंडी खातात. प्रोब लघवीतून बाहेर येत असेल तर पोट आणि शेपटी पुसून मगच स्टेजवर.

आणि पीईटी

एफडीजी पीईटीमध्येही, म्हणजे किरणोत्सर्गी ग्लुकोज टोचून केलेल्या स्कॅनमध्येही, हाच खेळ, फक्त पात्रं वेगळी. ट्यूमरचा एसयूव्ही (डोस आणि वजनाच्या हिशोबात ट्यूमरने किती ओढलं तो आकडा) एका आठवड्यात पडला तर आधी शेपटीकडे बघा. डोस व्हेनच्या बाहेर गेला असेल तर शेपटीतच साठलेला दिसतो, आणि तुम्ही मात्र पूर्ण डोस गेला असं धरून भागाकार केलेला असतो. सिरिंजमध्ये उरलेलं मोजलं का? फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, त्यामुळे डोस मोजणाऱ्या मशीनचं आणि स्कॅनरचं घड्याळ १० मिनिटांनी जरी वेगळं असलं तरी आकडा ६ टक्क्यांनी सरकतो, तोही प्रत्येक उंदराचा. उपाशी ठेवलं होतं का, स्कॅनआधी उबेत होते का, कारण गारठलेल्या उंदराची ब्राउन फॅट सगळं ग्लुकोज ओढून घेते आणि मानेजवळ अशी काही पेटते की नवख्याला मेटास्टॅसिस (पसरलेला कॅन्सर) वाटावा. झायलाझिन या भुलेच्या औषधाने रक्तातली साखर चढते, आयसोफ्लुरेन आणि ते यांची अदलाबदल अभ्यासाच्या मध्ये करू नका. पीआय३के (वाढीचा आणि इन्सुलिनचा संकेत पुढे नेणारं एन्झाइम) अडवणारी औषधं तर दुहेरी खोडी काढतात, रक्तातली साखर वाढवतात आणि ट्यूमरचं ग्लुकोज ओढणं पेशी मरायच्या आधीच कमी करतात. ग्लुकोमीटरची एक पट्टी प्रत्येक स्कॅनआधी वापरा, शेपटीचा एक थेंब पुरतो.

चुकलेला उंदीर वगळायचा कसा

सपाट कर्व्हचा उंदीर वगळायचा की ठेवायचा हे ग्राफ बघून ठरवू नका. नियम अभ्यास सुरू व्हायच्या आधी लिहा: कर्व्ह इतक्या मिनिटांत इतका चढला नाही तर चुकलेलं इंजेक्शन धरणार, एकदा परत टोचणार, परतही तसंच झालं तर त्या दिवसाचा आकडा रिकामा ठेवणार, उंदीर अभ्यासात राहणार. आरओआय काढणाऱ्याला कुठला ग्रुप कुठला हे माहिती नसावं. अराइव्ह, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांचा अहवाल कसा लिहावा, याच्या २०२० च्या सुधारित गाइडलाइन्समध्ये ब्लाइंडिंग आणि वगळण्याचे निकष हे अत्यावश्यक दहा मुद्द्यांत आहेत, बरीच जर्नल्स आता ते विचारतात.

शेवटच्या दिवशी सगळे वाद मिटवायची एक संधी असते, ती सोडू नका. ल्युसिफेरिन द्या, पीकला इमेज घ्या, लगेच प्राणी मारून अवयव बाहेर काढा, मिलिलिटरला ३०० मायक्रोग्रॅम ल्युसिफेरिनच्या द्रावणात डिशमध्ये ठेवा आणि कॅमेऱ्याखाली टाका. एटीपी भराभर संपतं त्यामुळे हे सगळं काही मिनिटांत उरकायला हवं, एक जण कापायला आणि एक जण कॅमेऱ्यावर असे दोन जण लागतात. मग तोच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकून पॅथॉलॉजीला द्या, आणि इमेजचा नंबर तुकड्याच्या कॅसेटवर त्याच वेळी लिहा, नंतर लिहू म्हटलं की राहतं.